सॅम्युअल हंटिंग्टन यांच्या 'हू आर वी?' या ग्रंथातील राष्ट्रीय अस्मिता, युद्ध आणि ऱ्हासकल्पना : एक चिकित्सा

प्रास्ताविक

सॅम्युअल हंटिंग्टन (१९२७-२००८) हे नाव आपल्याकडील राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित असते ते एका सिद्धान्तापुरते. १९९३ साली 'फॉरेन अफेअर्स' या नियतकालिकातून मांडलेला आणि १९९६ च्या ग्रंथात विस्तारलेला त्यांचा संस्कृतिसंघर्षाचा सिद्धान्त पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत आता इतका स्थिरावला आहे की, 'टीप लिहा' या सदराखाली त्यावर प्रश्न येणार हे विद्यार्थी गृहीतच धरतात. त्या मानाने २००४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा 'हू आर वी?' म्हणजे 'आपण कोण?' हा ग्रंथ आपल्याकडे उपेक्षित राहिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय अस्मितेपुढील आव्हानांची चर्चा करणारा हा ग्रंथ केवळ अमेरिकेचा घरगुती प्रश्न मांडतो, अशी समजूत त्यामागे असावी. ही समजूत बरोबर नाही. राष्ट्र कशाने घडते, युद्धाशी त्याचा संबंध कोणता आणि एखादा समाज 'ऱ्हास' पावत आहे असे आपण केव्हा म्हणू लागतो, हे तीन प्रश्न या ग्रंथात एकमेकांत गुंतलेले आहेत. पाश्चात्त्य समाजाच्या ऱ्हासाविषयी आज जे लेखन होते, त्यातील पुष्कळशा युक्तिवादांचे मूळ रूप येथे सापडते. म्हणूनच दोन दशकांनंतरही त्याची चिकित्सा करणे आवश्यक वाटते.

ग्रंथाचा प्रारंभ एका गणतीने होतो आणि ही गणती प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बॉस्टन शहरातील बीकन हिल भागात चार्ल्स स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी या रस्त्यावर एका मद्यविक्रीच्या दुकानावर तेवढा राष्ट्रध्वज होता, असे हंटिंग्टन सांगतात. हल्ल्यानंतर दोन आठवड्यांत ध्वजांची संख्या १७ झाली. पुढे ती हळूहळू घटत गेली आणि वर्षपूर्तीच्या सुमारास ४ ध्वज उरले. हंटिंग्टन यांच्या लेखी हे राष्ट्रभावनेचे तापमापक आहे. संकट आले की पारा चढतो, संकट सरले की उतरतो. मग संकट नसताना राष्ट्र कुठे असते, या चिंतेतून पुढची शेकडो पृष्ठे लिहिली गेली आहेत.

ग्रंथाची मांडणी

हंटिंग्टन यांच्या मते अमेरिकी अस्मितेचे ऐतिहासिकदृष्ट्या चार घटक होते : वंश, वांशिक मूळ, संस्कृती आणि राजकीय तत्त्वप्रणाली. पैकी पहिले दोन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बाद झाले आणि ते बाद झाले हे चांगलेच झाले, असे ते स्पष्टपणे नमूद करतात. त्यांच्यावर वंशवादाचा सरसकट आरोप करणाऱ्या टीकाकारांनी या विधानाकडे दुर्लक्ष करू नये. राहिले दोन घटक. स्वातंत्र्य, समता, व्यक्तिवाद, कायद्याचे राज्य या तत्त्वांवर कोणताही समाज दीर्घकाळ एकसंध राहू शकत नाही. या तत्त्वांच्या मुळाशी सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्रज प्रोटेस्टंट वसाहतकारांची संस्कृती आहे आणि तीच अमेरिकेचा गाभा आहे, असा त्यांचा दावा आहे. म्हणून ते 'वसाहतकार' आणि 'स्थलांतरित' असा भेद काटेकोरपणे करतात. वसाहतकार नवा समाज घडवतात, स्थलांतरित घडलेल्या समाजात येतात.

आपल्याकडे 'भूमिपुत्र' या शब्दाभोवती झालेले राजकारण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा भेद वाचताना थोडी गंमत वाटेल. कारण येथे भूमिपुत्राचा मान समुद्र ओलांडून आलेल्याला मिळाला आहे आणि त्या भूमीवरील मूळ रहिवासी चर्चेत केवळ पार्श्वभूमी म्हणून उरले आहेत.

या गाभ्याला चार बाजूंनी धोका आहे असे ग्रंथ सांगतो. शीतयुद्ध संपल्याने शत्रू नाहीसा झाला. बहुसांस्कृतिकतेच्या पुरस्कर्त्यांनी उपराष्ट्रीय अस्मिता वाढवल्या. उद्योग, विद्यापीठे व माध्यमांतील अभिजन राष्ट्रापासून मनाने तुटले. आणि मेक्सिकोतून होणाऱ्या स्थलांतरामुळे देश द्विभाषिक व द्विसंस्कृतिक होऊ लागला. चौथ्या मुद्द्यावर आधारलेला त्यांचा लेख 'फॉरेन पॉलिसी'च्या मार्च-एप्रिल २००४ च्या अंकात आधीच आला होता आणि वादळ उठले ते त्यावरच. परिणामी ग्रंथावरील बहुतेक चर्चा मेक्सिकन स्थलांतरितांभोवती फिरत राहिली. प्रस्तुत लेखकाच्या मते ग्रंथाचा खरा आधारस्तंभ पहिला मुद्दा आहे, म्हणजे शत्रूचा. तो काढून घेतला तर उरलेले तीन मुद्दे अस्मितेच्या ऱ्हासाची लक्षणे ठरत नाहीत, ती कोणत्याही मोठ्या समाजातील नेहमीची ओढाताण ठरते.

शत्रूची गरज

शत्रूवाचून 'आपण' सिद्ध होत नाही, हा विचार हंटिंग्टन यांच्या लेखनात अचानक आलेला नाही. १९५७ च्या 'द सोल्जर अँड द स्टेट' या ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी आणि तिच्या दाराशी असलेले हायलंड फॉल्स हे साधे गाव यांची तुलना केली आहे. गावातील विस्कळीत, व्यापारी, रंगीबेरंगी जीवनापेक्षा अकादमीतील शिस्त व समूहनिष्ठा त्यांना श्रेष्ठ वाटली, इतकेच नव्हे तर नागरी समाजाने तिच्यापासून शिकावे असेही सुचवले. १९९३ मध्ये शत्रूचे स्थान विचारसरणीकडून संस्कृतीकडे गेले. सोव्हिएत संघाचे अमेरिकाविषयक तज्ज्ञ गिओर्गी अर्बातोव्ह यांनी शीतयुद्ध संपत असताना, आम्ही तुमचा शत्रूच काढून घेणार आहोत, अशा आशयाचे जे उपरोधिक उद्गार काढले होते, ते जणू हंटिंग्टन यांनी अक्षरशः खरे मानले. २००४ पर्यंत ती रिकामी जागा जहाल इस्लामने भरून काढली होती. आणि या घटनेकडे हंटिंग्टन पाहतात त्यात भीतीबरोबर एक प्रकारचे हायसे वाटणेही मिसळले आहे.

युद्ध आणि राष्ट्र यांचा संबंध नाकारता येत नाही हे मान्य केले पाहिजे. चार्ल्स टिली यांनी युरोपातील राज्यसंस्थेचा उदय युद्धखर्च व करवसुली यांच्या आधारे उलगडून दाखवला. अर्नेस्त रनाँ यांनी १८८२ च्या सोर्बोन येथील व्याख्यानात एकत्र भोगलेल्या दुःखाला राष्ट्राच्या घडणीत मोठे स्थान दिले. बेनेडिक्ट अँडरसन यांना आधुनिक राष्ट्रवादाचे सर्वांत बोलके प्रतीक अज्ञात सैनिकाच्या थडग्यात दिसले. अमेरिकेपुरते बोलायचे तर १८६१-६५ च्या यादवी युद्धानंतर राष्ट्र ही कल्पना घटक राज्यांच्या वर चढली, हे हंटिंग्टन यांचे म्हणणे इतिहासाला धरून आहे.

परंतु टिली किंवा रनाँ यांच्या विवेचनातून, शांततेच्या काळात राष्ट्र आजारी असते, असा अर्थ निघत नाही. रनाँ यांनी तर राष्ट्राला दररोज घेतल्या जाणाऱ्या सार्वमताची उपमा दिली होती आणि दररोजचे सार्वमत ही शांततेतील गोष्ट आहे. हंटिंग्टन नेमकी हीच उडी घेतात. युद्धात अस्मिता तीव्र होते, या निरीक्षणावरून तीव्र अस्मिता हीच निरोगी अस्मिता, अशा निष्कर्षावर ते येतात. ताप चढलेला असताना रोग्याचे शरीर अधिक तापलेले असते हे खरे. पण म्हणून ताप उतरण्याला कोणी अशक्तपणाचे लक्षण मानीत नाही.

युद्धाने कोणाला 'आपले' केले?

आता मूळ गृहीतकच तपासून पाहू. युद्ध 'आपण' निर्माण करते, असे म्हणताना त्या 'आपण'मध्ये कोण मोजले जाते?

पहिल्या महायुद्धापर्यंत अमेरिकेतील जर्मनभाषक समाज संख्येने मोठा, सुस्थित आणि बहुतांशी प्रोटेस्टंट होता. हंटिंग्टन यांच्या कसोटीवर याहून योग्य स्थलांतरित सापडणे कठीण. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरताच जर्मन शाळा बंद पडू लागल्या, जर्मन वृत्तपत्रांवर गदा आली, आंबवलेल्या कोबीच्या जर्मन पदार्थाचे नावही बदलून 'लिबर्टी कॅबेज' करण्यात आले. नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये लहान मुलांना परकीय भाषा शिकवण्यावर बंदी घालणारा कायदा केला. तो सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये रद्द ठरवला. (२००३ मध्ये फ्रान्सने इराक युद्धाला विरोध करताच अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपाहारगृहात 'फ्रेंच फ्राइज'चे 'फ्रीडम फ्राइज' झाले. युद्धज्वर पाककृतींपर्यंत पोचतो, हे एक निरीक्षण नोंदवून ठेवावे.)

त्याच १९२३ सालचे दुसरे प्रकरण भारतीय वाचकाने विशेष लक्ष देऊन पाहावे असे आहे. भगतसिंग थिंड हे पंजाबातून १९१३ साली अमेरिकेत गेलेले शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, अमेरिकी सैन्यात दाखल झाले. सैनिक असतानाच त्यांना नागरिकत्व मिळाले, अल्पावधीत ते काढून घेण्यात आले, पुन्हा ऑरेगॉनमध्ये मिळाले आणि शासनाने त्याविरुद्ध दाद मागितली. त्या काळच्या कायद्यानुसार नागरिकत्व 'गोऱ्या' व्यक्तींना आणि आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींनाच मिळू शकत असे. तीनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९२२ मध्ये, ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाचा अर्ज फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने 'गोरा' म्हणजे कॉकेशियन वंशाचा असे म्हटले होते. तत्कालीन मानववंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियन मानीत असल्यामुळे थिंड यांची बाजू बळकट होती. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने शास्त्राचा आधार सोडून दिला आणि सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे थिंड गोरे ठरत नाहीत असा निर्णय दिला. दोन्ही निकालपत्रे लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले स्थलांतरित होते. या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचेही नागरिकत्व रद्द करण्यात आले. माजी सैनिकांसाठी १९३५ मध्ये झालेल्या कायद्याचा आधार घेऊन थिंड यांना १९३६ मध्ये नागरिकत्व मिळाले. भारतीयांना सर्वसाधारणपणे हा हक्क मिळण्यास १९४६ साल उजाडावे लागले.

सैन्यातील सेवा हा राष्ट्रात प्रवेश मिळवण्याचा राजमार्ग असेल, तर थिंड प्रकरणाचा उलगडा कसा करावा? हंटिंग्टन म्हणतील की, तेव्हा वंश हा घटक अजून शिल्लक होता. पण तो शिल्लक ठेवण्यात त्या युद्धाचाच हातभार होता. युद्धाने जागवलेल्या परकीयद्वेषाच्या वातावरणातून १९२४ चा स्थलांतरबंदीचा कायदा आला आणि तो चार दशके टिकला. युद्ध वंशाची भिंत पाडते असे गृहीत धरता येत नाही. येथे तर तिच्यावर नवा थर चढला.

दुसऱ्या महायुद्धाविषयी हंटिंग्टन सर्वाधिक आदराने लिहितात आणि ते स्वाभाविक आहे. हे युद्ध न्याय्य होते आणि त्यात नाना मुळांचे अमेरिकी खांद्याला खांदा लावून लढले. तथापि १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. त्यांच्यातीलच तरुणांची ४४२ वी रेजिमेंट युरोपात लढली आणि आकार व सेवाकाल यांच्या मानाने अमेरिकी सैन्यातील सर्वाधिक सन्मानित तुकड्यांत गणली गेली. मुलगा इटलीच्या आघाडीवर आणि आईबाप ॲरिझोनातील काटेरी तारांआड, अशी ही राष्ट्रीय एकात्मता होती. याउलट हवाई बेटांवर जपानी वंशाचे लोक लोकसंख्येच्या एक-तृतीयांशाहून अधिक होते आणि शत्रूने हल्ला केला तो तेथेच. तरीही तेथे सरसकट बंदिवास झाला नाही, कारण त्यांच्यावाचून बेटांचे व्यवहार चालणे शक्य नव्हते. त्यांचे 'आपलेपण' रोजच्या कामाने टिकले. शासनाने १९८८ मध्ये क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक बंदिवानाला २० हजार डॉलर्स दिले. युद्धाने केलेली हानी शांततेने, चार दशकांहून अधिक काळानंतर, अंशतः भरून काढली.

येथे एक गंभीर प्रतिवाद विचारात घेतला पाहिजे. फिलिप क्लिंकनर आणि रॉजर्स स्मिथ यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात असे दाखवले आहे की, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या हक्कांत लक्षणीय प्रगती झाली ती मुख्यतः मोठ्या युद्धांच्या काळात, कारण तेव्हा राज्याला त्यांच्या मनुष्यबळाची गरज होती. हा युक्तिवाद हंटिंग्टन यांच्या मदतीला येतो असे वरवर पाहता वाटते. मात्र त्याच अभ्यासकांनी घातलेली एक अट विसरता येत नाही : देशांतर्गत चळवळीचा दबाव असेल तरच हे घडते. १९४१ मध्ये संरक्षण उद्योगांतील वर्णभेदाला मनाई करणारा आदेश निघाला तो ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची धमकी दिल्यानंतर. आणि सैन्यातील वर्णविभागणी संपवणारा ट्रूमन यांचा आदेश निघाला तो १९४८ मध्ये, युद्ध संपून तीन वर्षे झाल्यावर. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला तर १९१९ च्या उन्हाळ्यातील वंशदंगली आल्या. म्हणजे युद्धाने फार तर सौदा करण्याची संधी दिली. सौदा केला तो चळवळीने, आणि हंटिंग्टन यांच्या ग्रंथात हीच चळवळीची परंपरा पुढे 'उपराष्ट्रीय अस्मिता' म्हणून धोक्याच्या रकान्यात जाऊन बसते.

मेक्सिकन समाजाबाबत तर ही विसंगती अधिकच ठळक होते. १८४६-४८ च्या युद्धात अमेरिकेने मेक्सिकोचा पराभव केला आणि ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने कॅलिफोर्नियासह विस्तीर्ण प्रदेश मिळवला. त्या प्रदेशातील हजारो स्पॅनिशभाषक लोक आपल्या घरातून न हलता अमेरिकेत आले. हंटिंग्टन या इतिहासाची दखल घेतात, पण ती मेक्सिकन लोक इतर स्थलांतरितांहून अधिक धोकादायक का, याचे कारण म्हणून. युद्धाने राष्ट्र घडते हे तत्त्व स्वीकारले, तर युद्धाने ज्यांना राष्ट्रात आणले ते परके कसे, याचे उत्तर ग्रंथात मिळत नाही.

ऱ्हास म्हणजे नेमके काय?

पाश्चात्त्य ऱ्हासाची भाषा हंटिंग्टन यांनी शोधलेली नाही. ओस्वाल्ड स्पेंग्लर यांच्या प्रसिद्ध ग्रंथाचा पहिला खंड १९१८ मध्ये, जर्मनी पराभूत होत असताना, आणि दुसरा १९२२ मध्ये आला. स्पेंग्लर यांच्या मते संस्कृती सजीवाप्रमाणे जन्मतात, बहरतात व मरतात. त्याला उपाय नाही. हंटिंग्टन यांचा ऱ्हास असा अटळ नाही. इच्छाशक्ती दाखवली तर तो थोपवता येतो. यामुळेच तो राजकीयदृष्ट्या अधिक परिणामकारक ठरतो. अटळ मृत्यूसमोर माणूस शोक करतो. टाळता येण्याजोग्या मृत्यूसाठी तो दोषी शोधू लागतो.

या ऱ्हासाची लक्षणे तपासली असता भाषेचा मुद्दा सर्वांत ठोस वाटतो. स्पॅनिशभाषक स्थलांतरित इंग्रजी स्वीकारणार नाहीत, असा हंटिंग्टन यांचा अंदाज होता. रुबेन रुंबाउत, डग्लस मॅसी आणि फ्रँक बीन यांनी २००६ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील, म्हणजे मेक्सिकन वस्ती सर्वांत दाट असलेल्या प्रदेशातील, जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मेक्सिकन कुटुंबांतूनही स्पॅनिश तिसऱ्या पिढीपर्यंत मावळत असल्याचे आढळले. जर्मन, इटालियन, पोलिश यांची वाटचाल याच मार्गाने झाली होती. अमेरिकेत मराठी बोलणाऱ्या नातवंडांची संख्या मोजण्यास बसलेल्या कोणाही आजीआजोबांना हा निष्कर्ष नवा वाटणार नाही. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत लॅटिनो मतदारांचा लक्षणीय वाटा डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे वळला. दुसरे राष्ट्र उभारू पाहणाऱ्या समाजाचे हे वर्तन खचितच नव्हे.

इराक युद्धाने तर ग्रंथाच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी छेद दिला. मार्च २००३ मध्ये युद्धाच्या पहिल्याच दिवसांत मृत्यू पावलेल्या अमेरिकी सैनिकांत ग्वाटेमालात जन्मलेला एक तरुण मरीन होता. बालपणी तो अनाथ झाला होता आणि अमेरिकेत तो कागदपत्रांविना शिरला होता. मरण आले तेव्हा तो नागरिक नव्हता. नागरिकत्व त्याला मरणोत्तर बहाल करण्यात आले. हंटिंग्टन यांच्या हस्तलिखितात स्पॅनिशभाषक स्थलांतरित हे अस्मितेपुढील आव्हान म्हणून अवतरत होते, त्याच सुमारास ही घटना घडली. ज्याच्यासाठी ध्वज घडी करून शवपेटीवर ठेवला गेला, त्याला चार्ल्स स्ट्रीटच्या गणतीत कोठे धरावे?

आणि त्या १७ ध्वजांच्या पंधरवड्यातच, १५ सप्टेंबर २००१ रोजी, ॲरिझोना राज्यातील मेसा येथे एका शीख पेट्रोलपंपचालकाची मुसलमान समजून गोळ्या घालून हत्या झाली. अटक होताना मारेकऱ्याने आपण देशभक्त असल्याचे ओरडून सांगितले. पारा चढला होता हे खरे. थिंड यांना 'गोरे' न मानणाऱ्या सामान्य माणसाच्या समजुतीने ऐंशी वर्षांनंतर पगडीकडे पाहूनच पुन्हा निर्णय दिला होता.

पराभवाची स्मृती

विजयाची स्मृती राष्ट्राला जोडते असे म्हणताना पराभवाचे काय, हा प्रश्न उरतो. व्हिएतनाममध्ये ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मरण पावले. हंटिंग्टन यांचा या युद्धाशी सल्लागार म्हणून संबंध आला होता. ग्रामीण भागावरील बॉम्बवर्षावामुळे लोक शहरांकडे लोटले जात असून त्यामुळे गनिमांचा आधार तुटतो आहे, असे विश्लेषण त्यांनी १९६८ मध्ये केले होते, याचा विसर पडू नये. या युद्धाचे स्मारक वॉशिंग्टन येथे १९८२ मध्ये उभे राहिले. खुल्या स्पर्धेतून निवडला गेलेला त्याचा आराखडा होता माया लिन या येल विद्यापीठातील एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा. तिचे आईवडील चीनमधून आलेले. जमिनीत उतरणारी काळ्या दगडाची भिंत आणि तिच्यावर मृतांची नावे, एवढेच. या आराखड्यावर प्रचंड टीका झाली. त्यात वीरश्री नाही, तो लज्जेचा व्रण आहे, असे म्हटले गेले. तडजोड म्हणून जवळच तीन सैनिकांचा पारंपरिक पुतळा १९८४ मध्ये बसवण्यात आला. परंतु लोक थांबतात ते भिंतीपाशी. नावावर कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा घेतात, पत्रे ठेवतात, फुले ठेवतात. युद्धाचे समर्थक आणि विरोधक दोघेही तेथे येतात. येथे एक 'आपण' निश्चितच घडतो आणि तो शत्रूशिवाय घडतो. राष्ट्रीय अस्मितेवरील एवढ्या मोठ्या ग्रंथातून या शक्यतेचा विचार निसटावा, ही त्यातील सर्वांत मोठी उणीव होय.

ग्रंथानंतरचा काळ

हंटिंग्टन यांनी एक भाकीत अचूक केले होते हे मान्य करावे लागेल. श्वेतवर्णीयांच्या मूळनिवासीवादाची प्रतिक्रियात्मक चळवळ उभी राहण्याची शक्यता त्यांनी वर्तवली होती. २०१६ नंतरच्या राजकारणाने ती खरी ठरवली. मात्र त्यातून अपेक्षित एकात्मता आली नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकी संसदभवनात घुसलेल्या जमावाकडे ध्वजांची मुळीच वाण नव्हती. त्यात यादवी युद्धातील बंडखोर दक्षिणेचा ध्वजही होता, जो त्या युद्धाच्या चार वर्षांत या इमारतीत कधीच पोचला नव्हता. ध्वजांची संख्या हे राष्ट्रभावनेचे तापमापक, ही कल्पना त्या दिवशी निकालात निघावयास हवी होती. ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणिस्तानातून सैन्य परतले. वीस वर्षांच्या या युद्धाने देशाला एकत्र आणले, असा दावा क्वचितच कोणी केला असेल. मार्च २०२५ मध्ये इंग्रजीला राष्ट्राची अधिकृत भाषा घोषित करणारा अध्यक्षीय आदेश निघाला. पण इंग्रजी आल्याने संशय सरतो असेही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कुशल कामगारांच्या व्हिसावरून ट्रम्प यांच्या समर्थकांत जो वाद पेटला, त्यात लक्ष्य झालेले भारतीय अभियंते उत्तम इंग्रजी बोलणारेच होते.

हंटिंग्टन दोन देशांशी नाते ठेवणाऱ्यांना इंग्रजीतील 'आणि' या चिन्हाचे नाव देतात आणि नागरिकत्वाच्या झिजेला त्यांना जबाबदार धरतात. १९६५ च्या कायद्याने दार उघडल्यानंतर तेथे गेलेला, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात राबणारा आणि तेथील शाळामंडळाच्या निवडणुकीत मतदान करणारा मराठी माणूस या व्याख्येत नेमका बसतो. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून प्रतिनिधिगृहावर निवडून आले, ते याच 'आणि'चे प्रतिनिधी होत. त्यांच्या निष्ठेची परीक्षा कोणत्या युद्धाने घ्यावी?

आपल्याकडील व्याख्यानमालांतून पाश्चात्त्यांच्या ऱ्हासाचे वर्णन काहीशा संतोषाने केले जाते आणि त्यासाठी हंटिंग्टन यांचे दाखलेही दिले जातात. ते देताना, त्या युक्तिवादात आपले स्थान ऱ्हासाच्या कारणांत आहे, साक्षीदारांत नाही, याचे भान वक्त्यांना सहसा नसते. याबाबत रवींद्रनाथ ठाकूर अधिक सावध होते. १९१६-१७ मध्ये त्यांनी जपान व अमेरिकेत राष्ट्रवादावर व्याख्याने दिली तेव्हा युरोप खंदकांत रक्तबंबाळ झाला होता. पण त्यांच्या टीकेचा रोख पाश्चात्त्य माणसावर नव्हता. समाज यंत्रासारखा संघटित झाला की त्याला युद्ध ही आपली स्वाभाविक अवस्था वाटू लागते, हे त्यांचे निदान जपानलाही लागू होते आणि भारतालाही. आणि टोकियोत ते कोणाला फारसे रुचले नाही.

या व्याख्यानांचा संग्रह अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना अर्पण करावा, अशी रवींद्रनाथांची इच्छा होती. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि गदर पक्षाच्या भारतीयांवर जर्मनीशी हातमिळवणी केल्याचा खटला सॅन फ्रान्सिस्को येथे उभा राहिला. त्यात रवींद्रनाथांचेही नाव विनाकारण ओढले गेले. विल्सन यांच्याकडून अर्पणपत्रिकेस अनुमती मिळाली नाही. पुस्तक त्याच वर्षी 'नॅशनॅलिझम' या नावाने, त्या पानाविनाच, प्रसिद्ध झाले.